जुनी जोडी आण, नवी घेऊन जा

फौजेतले किस्से म्हणजे माझ्या स्टोअरमधलं फाटकं सामान. न्यायला कोणी येत नाही, टाकवत नाही, अन् ढीग वाढतच जातो! आता रिटायर होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहतो. सकाळी टपरीवर आम्ही तिघं बसतो. मी, स्टोअरचा हवालदार. कोराडीचा निखाडे, वायरलेसवाला. अन् मौद्याचा घोडमारे, आमचा कुक. तिघंही एकाच बर्फातल्या बेस कॅम्पवर होतो. नागपूरकडची तीन माणसं एका तंबूत, म्हणजे थंडी बाहेर अन् भांडण आत!

यातला एक किस्सा मी कधी सांगत नाही. तो घोडमारे सांगतो अन् मी कपात पाहत बसतो. आज म्हटलं, आपणच सांगून टाकू. पण आधी बाकीचे.

स्टोअरचा नियम एकच. जुनं जमा करा, मग नवं मिळेल. तेही पूर्ण, जोडी असेल तर जोडीनं. नियम मी केला नव्हता, पण पाळायचो असा, की लोकांना वाटावं यानंच केला!

एकदा निखाडे एकच मोजा घेऊन आला.

"दुसरा कुठं आहे?"

"दोरीवरून उडाला ना गा."

"उडून गेला कुठं?"

त्यानं सीमेकडं बोट दाखवलं. "तिकडच्या स्टोअरवाल्यानं जमा करून घेतला असन!"

तरी मी नवी जोडी दिली नाही. आठवडाभर तो एका पायात माकडटोपी घालून फिरला.

तिकडं इतक्या उंचीवर डाळ लवकर शिजत नाही. एक नवे साहेब आले, तासभर ताटावर बसले अन् चिडले. "घोडमारे, डाळ कधी होणार?"

"साहेब, तुमची बदली व्हायच्या आत देतो!"

मे महिन्यात घोडमारेच्या आईचा फोन लागला. इकडं मौद्यात ऊन मी म्हणत होतं. माय काळजीनं ओरडून राहिली, "बाबू, लू लागन रे! खिशात कांदा ठेवतं का नाही?"

"हो वं माय, ठेवला."

बाहेर उणे वीस! पण घोडमारे खोटं बोलला नाही. खिशात खरंच कांदा होता. बाहेर ठेवला तर दगड व्हायचा, म्हणून उद्याच्या फोडणीचा कांदा तो अंगाशी धरून झोपायचा.

रिटायर झालो तरी माझी खोड गेली नाही. बायकोनं नवा झाडू मागितला. तोंडातून निघून गेलं, "जुना आण आधी."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् नवरा जुना झाला, तो कुठं जमा करू जी?"

बरं. आता तो किस्सा.

घोडमारेच्या पोरीचं लग्न जमलं होतं. दोन महिने राहिले होते, सुट्टी मंजूर होती. गडी हातात डाळीचा डाव घेऊन तंबूत नाचायची प्रॅक्टिस करायचा. "असा नाचन का मौदा पाहतच राहीन!"

एका संध्याकाळी त्यानं ओले बूट बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या रॉकेलच्या शेगडीजवळ, वाळत ठेवले. एक जळून गेला. सकाळी उरलेला बूट घेऊन माझ्यापुढं उभा.

"दे ना गा नवे."

"जोडी आण."

"दुसऱ्याची राख झाली. राख आणू का?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, मग साहेबांची सही आण. साहेब दोन दिवस खाली गेलेले. ते दोन दिवस घोडमारे साध्या कापडी बुटांत हेलिपॅडवरून रॉकेलचे डबे वाहत राहिला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. डॉक्टरांनी काढून टाकली.

माझ्या पाठीमागं फळीवर नव्या बुटांच्या अकरा जोड्या होत्या.

हॉस्पिटलात त्याच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिलो. तोच म्हणाला, "काहून रडका चेहरा केला? दोन बोटं जमा केले ना गा. आता नवे काढ!"

अख्खा वॉर्ड हसला. मी बाहेर जाऊन ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली! डॉक्टर म्हणाले होते, चालेल हा, पण नाचायचं विसरा.

मी सुट्टीवर घरी आलो होतो, पण लग्नाला जाणारच नव्हतो. त्याच्या पोरीला कोणत्या तोंडानं भेटायचं? बायकोनं ढकलून नेलं. मंडपात सगळ्यात मागची खुर्ची धरून बसलो.

वरात दारात आली. बँड सुरू झाला. घोडमारे काठी टेकत गर्दीतून निघाला अन् सरळ माझ्याकडं आला. पायात नवे कोरे बूट. शेजारी बसला, दोन्ही बूट काढले अन् माझ्या मांडीवर ठेवले.

"जोडी आहे. पाहून घे."

काठीही माझ्याच हातात दिली, अन् अनवाणी बँडकडं गेला.