रिकाम्या पोर्टकडे जाणारी उत्तरं

“पाच पॉइंट सहा, का सहा पॉइंट पाच? नीट बोला की!” रेहाना सिस्टर फोनवरून लॅबवाल्याला विचारत होत्या. समोर फुलंब्रीहून आलेले एक काका डायलिसिससाठी बेडवर पडून होते. आकडा त्यांच्या रक्तातल्या पोटॅशियमचा होता. डायलिसिस कसं चालवायचं, हे त्यावरून ठरतं. खरं तर हा रिपोर्ट समोरच्या कॉम्प्युटरवर दिसायला हवा होता. तिथं नुसतं चक्र फिरत होतं.

शहरातल्या त्या हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट ज्यांच्यावर असतात, ते युनिक्स सर्व्हर मी सांभाळते. डायलिसिस विभाग आदल्याच दिवशी नव्या इमारतीत हलवला होता. जुन्या इमारतीत सगळं सुरळीत, नव्या इमारतीत काहीच उघडेना.

“सर्व्हर रीस्टार्ट करून टाका ना,” आमचे मॅनेजर जाधव सर म्हणाले.

“सर, आयसीयू त्याच्यावरच चालू आहे.”

“मग केबलवाल्याला बोलवू?”

“आधी मला बघू द्या.”

नव्या इमारतीतून मी सर्व्हरला पिंग केलं. पिंग म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला मारलेली हाक. ‘ओ’ आली नाही. पिंग तसंच चालू ठेवून जुन्या इमारतीत आले आणि सर्व्हरवर येणारे-जाणारे संदेश दाखवणारं टूल लावलं. हाक व्यवस्थित पोचत होती. म्हणजे केबल ठीक. पण ज्या पोर्टवर, म्हणजे केबल लावायच्या जागेवर, हाक यायची, त्या पोर्टवरून उत्तर बाहेर पडत नव्हतं.

मग ते जात कुठं होतं? सर्व्हरकडे रूटिंग टेबल असतं: नेटवर्कवरच्या कुठल्या पत्त्यासाठी कुठल्या पोर्टनं जायचं, ते त्यात असतं. ते उघडलं आणि थांबले. आमच्या सर्व्हरला नेटवर्कचे दोन पोर्ट आहेत. सगळं काम पहिल्यावर चालतं. दुसरा कुणी वापरत नव्हतं. पण तो चालू होता, त्याला पत्ताही दिलेला होता, आणि नेमके त्याच गटातले पत्ते नव्या इमारतीला मिळाले होते. सर्व्हरला वाटत होतं, ही मंडळी दुसऱ्या पोर्टच्या पलीकडंच आहेत. सगळी उत्तरं तो तिकडं धाडत होता.

तो पोर्ट बंद करणं एका कमांडचं काम होतं. तरी हात आवरला. कुणीतरी कशासाठी तरी ते केलं असणार. माझ्याआधी हे काम सलीमभाई बघायचे. रिटायर होऊन आता गंगापूरला असतात. त्यांना फोन लावला.

“सलीमभाई, दुसऱ्या पोर्टला पत्ता कशासाठी दिला होता?”

“अरे हां! बॅकअपची मशीन होती ना, तिच्यासाठी. ती तर कधीच भंगारात गेली.”

“मग पत्ता तसाच?”

“सोचा, लागंल कधी तरी. कुणाला तकलीफ होती त्याची, बेटा?”

खरंच कुणाला नव्हती. नवे पत्ते देणाऱ्यालाही तो गट मोकळाच दिसला होता.

सर्व्हर रूममध्ये जाऊन दुसऱ्या पोर्टला केबल नाही, हे डोळ्यांनी पाहिलं. चुकून पहिला बंद केला असता, तर अख्खं हॉस्पिटल बसलं असतं. कमांडमधलं पोर्टचं नाव दोनदा वाचलं आणि एंटर दाबलं. लगेच पिंगला उत्तर यायला लागलं. मग त्या पोर्टची सेटिंगही काढून टाकली. ती ठेवली असती, तर पुढच्या रीस्टार्टला पोर्ट पुन्हा जागा झाला असता.

“म्हणजे मघाशी रीस्टार्ट केलं असतं तर?” जाधव सरांनी विचारलं.

“तर सगळे पेशंट खोळंबले असते, आणि हे तसंच राहिलं असतं.”



रेहाना सिस्टरांचा फोन आला. “दिसला रिपोर्ट! सहा पॉइंट पाच आहे. मी फोनवर ऐकून उलटं लिहिलं होतं.”

“डायलिसिस सुरू केलं होतं?”

“नाय. मन मानंना. डॉक्टरांना म्हटलं, थांबू जरा.”



त्या आठवड्यात बाकीचे सर्व्हरही तपासले. आणखी एकावर असाच एक पोर्ट सापडला. तोही बंद केला. आता कुणी म्हणालं, “ते वापरात नाही,” की मी एवढंच विचारते, “मग बंद केलंय का?” बहुतेक वेळा समोरचा उठून बघायला जातो.