कॉव्हेंट्रीच्या ताई, कोरियाच्या खोऱ्यात

सुलभाताईंचा आणि माझा परिचय हीथ्रोवर, चेक-इनच्या रांगेत झाला. मी नुकताच युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलो होतो आणि कोरियात इंग्रजी शिकवायला निघालो होतो. माझ्यापुढे पंजाबी ड्रेसवर कार्डिगन घातलेल्या एक बाई मोबाइलवर मराठीत सांगत होत्या, "अहो, डाळीला आधी पाणी, मग हळद. आणि शिट्ट्या मोजा, नुसत्या ऐकू नका." पलीकडे कॉव्हेंट्रीतल्या घरी त्यांचे यजमान, डॉक्टरसाहेब, पहिल्यांदाच कुकर लावत होते.

"काकू, तुम्हीही कोरियाला?" मी विचारले.

"हो. पण काकू नको. आता आपण एकाच नोकरीतले. ताई म्हण."

कॉव्हेंट्रीच्या एका शाळेत ताईंनी अनेक वर्षे नव्याने देशात आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवले होते. स्वतःची मुले मार्गी लागली, अर्ली रिटायरमेंट मिळाली, तेव्हा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी कोरियन शाळांसाठी अर्ज केला. घरात कुणी हसले, कुणी रागावले. डॉक्टरसाहेब एवढेच म्हणाले, "तू जा. मी स्वयंपाक शिकतो."

आम्हाला मिळालेला भाग डोंगराळ होता. सफरचंदाच्या बागा, भाताची खाचरे आणि खोऱ्याखोऱ्यांत छोट्या शाळा. प्रत्येक शाळेत एकच परदेशी शिक्षक. आठवडाभर आपली भाषा कानावर पडत नसे, म्हणून शनिवारी आम्ही सगळे बाजाराच्या गावी नूडल्सच्या एका दुकानात जमत असू. ब्रिटिश, कॅनेडियन, दक्षिण आफ्रिकन, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि मध्यभागी ताई.

आमचा प्रतिनिधी असलेला कॅनेडियन मुलगा करार संपवून परत गेला, तेव्हा शिक्षण कार्यालयातले अधिकारी ताईंकडे आले. ताईंनी हात जोडले. "मी इथे मुलांना शिकवायला आले आहे, मोठ्यांना सांभाळायला नाही." जागा रिकामीच राहिली.

ती भरली माझ्यामुळे, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगतो.

पानगळीच्या दिवसांत मुख्याध्यापकांनी मला बोलावले. माझ्याबरोबर वर्गात शिकवणाऱ्या हानबाई दुभाष्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "काही पालक म्हणतात, आम्हाला इंग्रज शिक्षक मिळणार होते. हे तर भारतीय दिसतात. तुमची दुसरीकडे बदली व्हावी, असं सरांना वाटतं." मी चौथ्या वर्षापासून इंग्लंडमधल्या रीडिंग गावात वाढलो. आपली भाषा कोणती, हे मला तोवर कुणी विचारले नव्हते.

शनिवारी हे ऐकून सगळे भडकले. मेगन ही आमच्यातली वेल्श मुलगी म्हणाली, "सोमवारी कुणीच शाळेत जायचं नाही." माना डोलल्या. ताई शांतपणे नूडल्स संपवत होत्या. मग त्यांनी मला मराठीत विचारले, "रोहन, तुला त्या शाळेत राहायचंय का?"

"हो. मुलं चांगली आहेत, ताई."

"मग शाळा बंद पाडून कसं चालेल?" त्या सगळ्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "आपण पालकांनाच वर्गात बोलवू. त्यांनी बघावं आणि ठरवावं." मात्र मुख्याध्यापकांशी अशी बोलणी प्रतिनिधीच करू शकत असे. त्याच दुपारी ताई अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि नाकारलेले पद मागून घेतले.

मुख्याध्यापक तयार झाले. तासाच्या दिवशी त्या माझ्याबरोबर बसने आल्या. साताऱ्याहून आणलेली इरकल साडी आणि वर जाड कोट. बसमध्ये मी विचारले, "सुरुवातीला तुम्ही पालकांशी बोलाल ना?"

"नाही. तास तुझा आहे. मी मागे त्यांच्या शेजारी बसते."

मी सफरचंदांचा बाजार मांडला. मुले विक्रेते, पालक गिऱ्हाईक, बोलणे फक्त इंग्रजीत. एका बागायतदाराने आपल्याच मुलीकडे भाव कमी करून मागितला. ती इंग्रजीत म्हणाली, "नो, सर. व्हेरी गुड ॲपल." बाप पुन्हा अडून बसला, मुलगी पुन्हा ठाम. अख्खा वर्ग हसला, मुख्याध्यापकही.

तरी एका आईंनी मनातला प्रश्न ताईंना विचारलाच. हानबाई भाषांतर करत होत्या. "तुम्हीही इंग्रज नाही ना?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मी मराठी शाळेत शिकले. इंग्रजी नंतर, चुका करत करत आली. म्हणून तुमच्या मुलीची जीभ कुठे अडते ते मला कळतं. हा रोहन मात्र पक्का रीडिंगचा. त्याची मराठी बिघडते. 'तो टेबल' म्हणायचं, 'ती टेबल' की 'ते टेबल', हे त्याला अजून ठरवता येत नाही."

हानबाईंनी ते कसे भाषांतरित केले, देव जाणे. पण त्या आई तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मला वाकून नमस्कार केला. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याच शाळेत मी पुढे दोनदा करार वाढवून घेतला.

ताईंचे नेतृत्व असे शेजारी बसण्याचे होते. शनिवारच्या बैठकीत त्यांनी एक रीत घातली. प्रत्येकाने त्या आठवड्यात फसलेला आपला एक तास सांगायचा. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा सांगितला, ज्यात अख्खी चौथी झोपून गेली होती. त्यानंतर कुणाला लपवण्यासारखे काही उरले नाही. घरच्या आठवणीने मेगन रडवेली झाली की ताई तिला आपल्या खोलीवर नेत आणि बाजारातल्या गिरणीवर दळून आणलेल्या तांदळाच्या पिठाची धिरडी करायला लावत. तिची धिरडी तव्याला चिकटत. ताई ती खरवडून आवडीने खात.

परतल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या मराठी आजीआजोबांसाठी त्या कॉव्हेंट्रीत रविवारी इंग्रजीचा वर्ग चालवतात. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, काय सांगायचे, बसमध्ये काय विचारायचे, शेजारणीशी हवापाण्यावर किती बोलायचे, सगळे तिथे शिकवले जाते. मी आज रीडिंगच्या शाळेत इंग्रजी विभाग सांभाळतो. नव्या शिक्षकाचा तास बघायला गेलो की वही न उघडता मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी बसतो. ही शिकवण कुणाची, ते वेगळे सांगायला नको.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे, हे कळल्यावर ताईंचा फोन आला. "लिही बापडा. पण मी गेल्यासारखं लिहू नकोस. सगळी वाक्यं भूतकाळात घालू नकोस."

ताई, सांभाळता येईल तेवढे सांभाळले आहे. पंच्याहत्तरीचे तुमचे गुडघे वर्गाचा जिना चढत राहोत, डॉक्टरसाहेबांच्या हातच्या वरणाला चव राहो, आणि तुमची क्रियापदे पुढची पुष्कळ वर्षे वर्तमानकाळातच राहोत. इतकी वर्षे घरात मराठीवरच निभावलेली माझी आई आता कॉव्हेंट्रीत माझ्या बहिणीकडे राहायला आली आहे आणि येत्या रविवारी तुमच्या वर्गात नाव घालते आहे. तिला पहिल्या दिवशी फार बोलायला लावू नका. थोडा वेळ शेजारी बसा, म्हणजे ती बोलेल.