दसऱ्यासाठी ठेवलेला डबा

पितृपक्षातल्या एका रविवारी सकाळी माझी बायको मुलुंडच्या मागच्या टेकडीवर कातळ चढताना पडली. खाली दोर धरणाऱ्याच्या हातातून दोर सुटला. दुपारी ती गेली.

तो दोर अडवू शकेल असं उपकरण तेव्हा आमच्या घरात, कपाटावर, डब्यात होतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण कातळ चढतो, त्याच्या कमरेला बांधलेला दोर दुसरा खाली उभा राहून सांभाळतो. याला ते लोक बिले देणं म्हणतात. दोर नुसता हातात धरत नाहीत, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका धातूच्या तुकड्यातून ओवून घेतात. बायकोच्या ग्रुपमध्ये हा तुकडा म्हणजे आठच्या आकड्यासारखी जुनी जाड कडी. तिच्यात दोर अडतो तो खालच्या माणसाच्या मुठीवर. नव्या उपकरणात आत एक खटका असतो. दोराला झटका बसला की तो दोर दाबून धरतो, एखाद्या क्षणी मूठ चुकली तरी.

हे मला ग्रुपमधल्या कुणी सांगितलेलं नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला लागणाऱ्या शिडीपलीकडे कधी कशावर चढलो नाही. पण डबा आला त्या संध्याकाळी आतली पुस्तिका मी सवयीने पहिल्या पानापासून वाचली. दहा-अकरा भाषा, त्यात आपली एकही नाही. चित्रं मात्र स्पष्ट. चुकीच्या प्रत्येक चित्राशेजारी एक कवटी. चौथ्या पानावर मी पेन्सिलने खूण केली आणि विचारलं, “मग या रविवारी काका हेच वापरणार ना?”

काका म्हणजे ग्रुपचे सर्वांत जुने. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायकोला चढायला त्यांनीच शिकवलं आणि तिचा दोर कायम त्यांच्याच हातात असे.

“दसऱ्याला पूजा झाली की काढू,” ती म्हणाली. “पूजेशिवाय नवीन सामान वापरत नाही आम्ही. त्यात पितृपक्ष लागलाय.”

“मग तोवर चढू नकोस.”

“तू पण ना! पंचवीस वर्षं चढतेय रे मी. एक पुस्तिका वाचलीस आणि लगेच मास्तर झालास?”

मी पुस्तिका डब्यात ठेवली. डबा कपाटावर मीच चढवला.

त्या पूजेबद्दल वाईट बोलताना माझी जीभ अडखळते, कारण मला ती आवडायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून दोरांची वेटोळी, कड्या, हेल्मेटं मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. वर्षभर आपला जीव सांभाळणाऱ्या वस्तूंना नमस्कार करायचा. यात चूक काय? चूक एवढीच की त्या वस्तू जीव सांभाळतात त्या हळदकुंकवाआधीही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी पुन्हा बोललो नाही.

त्या दसऱ्याला पूजा झालीच नाही, डबा कपाटावरच राहिला. नंतर वर्षभर माणसं येत राहिली. “आवडीचं करता करता गेली हो,” असं म्हणत. मी चहा करत राहिलो. “डोंगरानेच बोलावलं तिला,” असंही एकाने सांगितलं. मुलुंडच्या त्या कातळामागे इमारतींचे टॉवर दिसतात आणि तिथून रिक्षा मिळते. तो कुणाला बोलावणारा डोंगर नाही. काका दर रविवारी येत, पेपर चाळत आणि एकच वाक्य बोलत : “दोर ओला होता, सर.” पावसाची उघडीप होती, कातळ पाझरत होता, दोर ओला असणारच. मला त्या वाक्याचा कंटाळा आला होता. तसं सांगणं बरं दिसलं नसतं.

यंदा पितृपक्ष लागला आणि मुलगी म्हणाली, “बाबा, रविवारी मी तिथेच चढणार. काकांच्या दोरावर.”

ती चोवीस वर्षांची आहे, अंधेरीत नोकरी करते, मी नको म्हटलं तर ऐकेल अशी तिची आई नव्हती आणि तीही नाही.

“काकाच कशाला?”

“वर्षभर त्यांनी दोराला हात लावलेला नाही. मी नाही दिला तर पुन्हा कधी लावणार नाहीत.”

शनिवारी दुपारी काका आले. पिशवीतून त्यांनी आठचा आकडा काढून टीपॉयवर ठेवला. तोच. मी म्हटलं, “नवीन आहे ना.”

“दसऱ्याला काढूया ना, सर. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. पितृपक्षात नवीन नको.”

मी उठलो, स्टूल घेतलं, डबा खाली काढला. देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं.

“पूजा आत्ता होईल.”

“सर, पितर—”

“पितर घरातलीच आहे. तिची हरकत नसणार.”

मुलगी फिसकन हसली. मी बोट कुंकवात बुडवलं तशी ओरडली, “बाबा, खटक्यात नको! जाम होईल ते!” मग मी डब्यावर बोट टेकवलं. पूजा झाली.

पुस्तिका घेऊन मी खुर्चीवर बसलो. मुलीने दोराचं एक टोक कमरेला बांधलं, काकांनी दोर उपकरणातून ओवला. चौथ्या पानावर लिहिलं आहे की चढण्याआधी दर वेळी दोर ओढून बघावा. “ओढ,” मी म्हटलं. तिने हिसका दिला. दोर सरळ सरकत गेला, तिच्या पायाशी ढीग पडला. खटका लागलाच नाही.

“उलटा ओवलाय,” मी म्हणालो. “इथे कवटी आहे बघा.”

काका आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

“दोर ओला होता हे खरं आहे, सर. पण मी हातही सोडला होता. मानेवर मुंगळा चढला होता. झटकायला गेलो.”

वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. माझ्याकडून काहीतरी मोठं अपेक्षित असावं, माफी किंवा राग. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. एक मुंगळा. आणि त्या मुंगळ्यावरचा उपाय इथे कपाटावर, चांगल्या दिवसाची वाट बघत. मी वैतागून पान त्यांच्यासमोर धरलं.

“तिसरं चित्र. खालचा हात कधीच सोडायचा नाही. नव्या उपकरणातसुद्धा. मुंगळा असला तरी.”

“हो, सर.”

“काका, परत ओवा,” मुलगी म्हणाली.

त्यांनी परत ओवला. तिने हिसका दिला. खट्. मी सोळा वेळा करायला लावलं. शेवटी काका त्यांच्या मालवणीत मुलीला म्हणाले, “अगो बाय, तुझ्या आवशीन इतकी वर्सां ह्या माणसाबरोबर काढल्यान कशी?”

रविवारी मीही गेलो. दोर सांभाळणाऱ्याच्या मागे आणखी एकाने दोराचं टोक धरावं, असं पुस्तिकेत आहे. काकांच्या मागे मी उभा राहिलो. अर्ध्या उंचीवर मुलीचा पाय सटकला. खट् आवाज आला आणि ती लोंबकळत राहिली, शिव्या देत. मी काकांची मूठ बघितली. ती मिटलेली होती. मग मुलगी वर गेली, वरच्या झुडपाला हात लावून खाली आली.

उपकरण आता मुलीच्या पिशवीत असतं. पुस्तिका माझ्याकडे आहे, पेन्सिलच्या खुणेसकट. कपाटावर काही नाही.