मागून बघितलं की मुका कळतो

काल दानियलमामांच्या मातीला मी खोटं वाजवलं.

हातात त्यांचंच क्लॅरिनेट. गाल फुगलेले, बोटं बरोबर पडतायत.
आवाज शून्य.
पुढं उभ्या असलेल्या कुणालाच कळलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दानियलमामा म्हणजे आमच्या दौंडच्या गल्लीतले, ब्रास बँडमध्ये आख्खं आयुष्य क्लॅरिनेट वाजवलेले. पंच्याऐंशीला टेकलेले. लग्न नाही, कुणी नाही. मला सख्खे मामा तीन. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तिघांनी लेक्चर दिलं. यांनी क्लॅरिनेट दिलं.

तरुणपणी, साठ-बासष्टच्या सुमारास, ज्या रात्री स्वतःच्या बँडला सुपारी नसायची त्या रात्री मामा दुसऱ्यांचे बँड ऐकायला जायचे. सायकलवर केडगाव. कधी ट्रकमध्ये पोत्यांवर बसून शिरूर. कुणाची तरी वरात, पोरांच्या डोक्यावर गॅसबत्त्या, आणि मामा बँडच्या मागं मागं चालतायत.

"मागं का पण? पुढून नीट दिसतं की," मी विचारलं.

"पुढून समदेच वाजवतात," म्हणाले. "मागून मुका कळतो."

मुका हा बँडवाल्यांचा शब्द. मालकानं बारा माणसांची सुपारी घ्यायची, वाजवणारी असायची नऊ. उरलेल्या तिघांना कोट-टोपी चढवून हातात वाद्य द्यायचं. त्यांनी नुसते गाल फुगवायचे. ते मुके.
फुंकणाऱ्याची पाठ हलते. मुक्याची पाठ भिंतीसारखी.

केडगावला मिशनच्या कंपाउंडात एका मास्तरांचं घर होतं. त्यांची मुलगी रूथ. वरात बघायला ती आत्याबरोबर भिंतीपाशी येऊन उभी राहायची. मामांनी तिला एकदा मुक्यांची गंमत सांगितली. पुढच्या वरातीपासून ती त्यांच्याआधी ओळखायला लागली.

एका रात्री मामांनी जोशात रस्त्यावरून आरोळी ठोकली,
"रूथ, दोन मुके!"

आत्याबाई चप्पल घेऊन फाटकाबाहेर.
"मेल्या, दोन मुके? थांब, देते तुला चार!"

हे सांगताना मामा इतके हसायचे की खोकला लागायचा.


त्या रात्रीपासून शब्द बंद. नुसती बोटं. बँड पुढं गेला की रूथ पदराआडून दोन बोटं दाखवायची. मामा मान हलवून तीन. ती परत बघायची, आणि हसून तिसरं उचलायची.

दोन वर्षं. बास, एवढंच.

"विचारलं का नाही तिला?" मी तर चिडलोच होतो.

"बाजेवाला व्हतो रं मी. मास्तरांना पगारदार जावई पायजे व्हता. आन् मला वाटायचं, तिला समजतंय की."

मास्तरांना पगारदार मिळाला. शिरूरचा, कचेरीतला.

वरातीच्या रात्री मामा शिरूरला गेले. नेहमीसारखं मागं उभं राहायला. पण बँडचा मालक ओळखीचा निघाला आणि त्याला एक माणूस कमी पडत होता. त्यानं कोट अंगावर फेकला.
"दान्या, चढव. वाजवलं न्हाईस तरी चालंल, आकडा भरू दे."

मामांनी नाही वाजवलं.
त्या बँडमधला सगळ्यात चांगला वाजवणारा त्या रात्री मुका होता.

"फुंकलं असतं तर रडू फुटलं असतं," म्हणाले. "आन् रडताना व्हट धरत न्हाईत."

बँडच्या मागं उघड्या मोटारीत नवरा-नवरी. म्हणजे रूथला सगळा वेळ दिसत होत्या त्या फक्त पाठी. चौकात बँड वळला, वरवधूकडं तोंड करून उभा राहिला. मामांनी वर बघितलं.

रूथनं एक बोट वर केलं होतं.

एकच.

नवऱ्याला वाटलं असेल, नवरी ताल धरतेय.

वरातीच्या रात्रीचं मात्र त्यांनी मला गेल्या डिसेंबरातच सांगितलं. 'तिच्या' साखरपुड्यात जाऊन मी राडा घालणार होतो त्या दिवशी. (मित्रांनो, कमेंटमध्ये नाव घेऊ नका, प्लीज.) बाईकची किल्ली हातात, डोकं फिरलेलं.

"भांडाया चाललास का बोलाया?"
"भांडायला."
"मग बस खाली. तिला कवा सांगितलंस का?"
"तिला माहितीये, मामा."
"व्हय. रूथलाबी माहीत व्हतं."

मी बसलो. भांडायला गेलो नाही.
बोलायलाही गेलो नाही. ती आता नाशिकला असते.

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "माझ्या मातीला तू वाजवायचं. वाईट वाजव, पर वाजव. मुका हुबा ऱ्हाऊ नको."

आणि काल मी तेच केलं. बँडनं सुरुवात केली, फुंकलं तर रडू फुटेल असं वाटलं, मी नुसते गाल फुगवले. म्हटलं, एवढ्या आवाजात कुणाला कळतंय?

सहज मागं वळून बघितलं.

प्लास्टिकच्या खुर्चीत पांढऱ्या साडीतल्या एक आजी बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून. शिरूरहून गाडी करून आल्या होत्या, हे नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगायची गरजच नव्हती.

काठीवरचा हात उचलून आजींनी एक बोट वर केलं होतं.

मी फुंकलं.

पहिला सूर फाटला. दुसरा चुकला. डोळ्यांतून धार लागलेली, आणि ओठ खरंच धरत नव्हते. बँड थांबला तरी मी फुंकत होतो, खड्डा भरेपर्यंत.

परत बघितलं तेव्हा आजींचं बोट खाली आलं होतं. डोळे मिटलेले. हात नुसता काठीवर.

मामा, वाईट वाजवलं.
पण वाजवलं.

जावा आता निवांत.
तुम्हाला माझी ही बेसूर श्रद्धांजली.