सारवलेलं घर

उलव्याच्या टॉवरांमध्ये आमचं कारवीच्या कुडाचं घर तेवढं शोभेला जपलंय. पाटीवर 'पारंपरिक शेतघर' लिहिलंय. कुणाचं, ते नाही.

परवा तिकीट काढून गेलो. दारातच ताज्या शेणाचा वास आला आणि गाव सोडलं तो दिवस आठवला. सामान टेम्पोत चढलं, तरी आई सारवतच होती. मी चिडलो, "आये, उद्या घर पाडणार हाय!"

"पाडू दे. पारोसं ठेवून जायचं नाय."

मागं सरकत ती उंबऱ्याबाहेर आली. शेवटचं आत डोकावायला गेलो, तर म्हणाली, "पाय नको ठेवू, जमीन ओली हाय."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. पुढं घर पाडलंच नाही.

आता पगारी बाई सारवते. उंबऱ्याशी पाय उचलला, तोच रखवालदार ओरडला, "काका, आत नाही जायचं. जमीन ओली आहे."