सकुबाईने गाड्या अडवल्या

लढाईच्या दिवसांत आटगावजवळ, सकुबाईच्या घराला लागूनच, एका ठेकेदाराने शिशाची भट्टी घातली. जुने शिशाचे नळ वितळवून मुंबईला पाठवायचे, हे काम. दोन वर्षांनी भट्टी विझली आणि काळ्या राखेचा ढीग मागे राहिला. ठेकेदाराच्या मुकादमाने ती राख गावात फुकट वाटली. सकुबाईच्या नवऱ्याने, दामूने, ती मातीत कालवून अंगण चोपलं.

आधी कोंबड्या मेल्या, मग शेळी. पाच वर्षांची काशी दिवसभर त्याच अंगणात खेळायची, माती चाटायची. ती पोट धरून लोळू लागली. तिचं उजवं मनगट लुळं पडलं. भगत म्हणाला, बाहेरची बाधा आहे.

"कोंबड्यांना पन बाधा झाली काय?" सकुबाईने विचारलं आणि काशीला पाठीशी बांधून शहापूरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांना पोरीच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली. "शिसं पोटात गेलंय," ते म्हणाले. "आधी हिला त्या मातीपासून दूर ठेवा."

काशीला टोकावड्याला मामाकडे सोडून सकुबाईने कुदळ घेतली. अंगण हातभर खणलं, माती भट्टीच्या खड्ड्यात लोटली, वर दगड रचले. "मुकादम चिडल," दामू म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानेही पाटी उचलली.

वर्षभराने मुकादम शिशाने भरलेल्या बैलगाड्या घेऊन आला. भट्टी पुन्हा पेटणार होती. सकुबाई वाटेत बसली. राख नेलेल्या घरांतल्या बायाही येऊन बसल्या.

"जागा ठेकेदाराची हाय, बाई."

"जागा त्याची. धूर आमच्या घरात येतो."

"पोरं काय, आजारी पडतातच."

घरी परतलेल्या काशीला तिने पुढे केलं. "तुजी काठी हिच्या उजव्या हातात दे. धरली तर आमी उठतो."

मुकादमाने काठी दिली नाही. दुपार कलल्यावर गाड्या वळल्या.

काशीचं पोट बरं झालं, मनगट पुरतं सुधारलं नाही. ती डाव्या हाताने भात लावायला शिकली.

पुढे बातमी आली की तीच भट्टी मुरबाडच्या बाजूला बसतेय. दामू म्हणाला, "आपल्या दारातनं गेली ना? बस झालं."

"तिथं पन पोरं हायत," सकुबाई म्हणाली. तिने भाकरी बांधून घेतली आणि काशीचा हात धरून मुरबाडची वाट धरली.