अर्धं शटर

शनिवार पेठेतल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यांवर वकील, सीए आणि क्लासवाले, खाली दुकानं. जिन्याशेजारचं रबरी शिक्क्यांचं दुकान बाबांचं. दुपारी एक ते चार तिथे अर्धं शटर. अर्धं शटर म्हणजे मालक आत आहे, पण झोपलाय. अशा वेळी हाक मारणं हा आमच्याकडे शुद्ध उद्धटपणा. वाघोलीहून उन्हातान्हात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मुकाट्याने पायरीवर बसून राहायचं.

बाबा त्या अर्ध्या शटरआडच गेले. डबा खाल्ला, खुर्चीत डोळे मिटले, ते मिटलेच. चार वाजून गेले तरी कोणी वाकून पाहिलं नाही. शेवटी पाहिलं ते शेजारच्या चष्मेवाल्या काकांनी. लवकर पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. काकांना ते पटलेलं दिसलं नाही.

पुढे दुकान मी चालवायला घेतलं. दुपारी शटर अर्धं ओढून मीही जरा पाठ टेकायची. डोळा लागतो न लागतो तोच शटरवर छत्रीचा ठोका.

"आहेस ना गं?"

"आहे, काका."

पावलं निघून जायची. हे रोजचंच झालं. माझं डोकं सरकायचं. एकदा न राहवून बोललेच, "काका, पाटी वाचली नाहीत का? एक ते चार बंद."

"वाचली," काका म्हणाले. "त्या दिवशीही वाचली होती."

त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर तो ठोका पडल्याशिवाय मला झोप येईनाशी झाली.

मागच्या महिन्यात एका दुपारी ठोका पडलाच नाही. मी बराच वेळ वाट पाहिली आणि शटरखालून वाकून बाहेर आले. काकांचं शटर अर्धं. आत अंधार.

"अहो, झोपलेत ते. कशाला उठवताय?" समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला.

मी दोन्ही हातांनी शटर बडवलं. वरच्या गॅलरीतून एक वकील त्रासिक चेहऱ्याने डोकावले.

"काका! आहात ना?"

मी पुन्हा बडवलं. मग कुठेतरी खुर्ची करकरली, घसा खाकरला.

"आहे गं. डोळा लागला होता." आणि थोडं थांबून, "पाटी वाचली नाहीस का?"

मी "वाचली" म्हणायला गेले, तर रडूच फुटलं.